एका खुर्चीची दोन दुकानं

कात्रीताईच्या दुकानाच्या दाराला एका सकाळी दोन नोटिसा चिकटल्या, एक डाव्या फळीवर आणि एक उजव्या. भाषा वेगळ्या होत्या, मजकूर एकच. 'आपल्या दुकानाच्या जागेत एका परक्या दुकानाने अतिक्रमण केल्याचे आढळते. पंधरा दिवसांत त्याचा बंदोबस्त करावा, अन्यथा जागेला सील ठोकण्यात येईल.' कात्रीताईनं दोन्ही वाचल्या, कुलूप काढलं आणि आत डोकावून पाहिलं. नऊ बाय सातची खोली, एक आरसा, जमिनीत बोल्टांनी पक्की केलेली एक खुर्ची, गिऱ्हाइकांचं बाकडं आणि कोपऱ्यात सासूबाईंचं स्टूल. परकं दुकान काही दिसेना.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या दुकानात कोण घुसलंय?"

नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर होता आणि ड्यूटीवर निघाला होता. त्यानं दोन्ही कागद वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "बहुतेक आपणच."

हे कळायला आधी त्या शहराची रीत कळायला हवी. शहर म्हणजे देशाची राजधानी. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला बंदर, आणि दोन्हीकडची भाषा वेगळी. एकीला सगळे टेकडी म्हणत, दुसरीला बंदरी, आणि कायद्यानं दोघींचा मान अगदी तोलून मापून सारखा. लिफ्टमधली बाई मजल्याचा आकडा दोन्ही भाषांत सांगायची, आणि तिचं सांगून होईपर्यंत पुढचा मजला यायचा. शोकसभेत एक मिनिटाची शांतता दोनदा पाळत, एकदा टेकडीत आणि एकदा बंदरीत. माणसं मात्र असलं काही पाळत नसत. भाव एका भाषेत विचारायचा, घासाघीस दुसरीत करायची. भांडण तर ज्या भाषेत सुरू होई त्या भाषेत कधीच संपत नसे, कारण चांगल्या शिव्या दोन्हीकडे वाटून गेल्या होत्या.

पालिकेच्या कचेरीत त्यामुळे दोन खिडक्या. कुठल्याही खिडकीवर जा, 'तुमची भाषा कोणती' असं विचारायची कारकुनाला सक्त मनाई. लोकांनी या समान मानाचा आपल्या परीनं उपयोग करून घेतला होता. घरातल्या एकानं या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्यानं त्या. ज्याचा नंबर आधी लागेल त्यानं रुमाल हलवायचा, म्हणजे दुसरा आपली रांग सोडून येई. एकट्या माणसाचं या शहरात काही खरं नाही, असं म्हणत ते यामुळेच.

दुकानाचा परवाना नवा करायच्या दिवशी हे दोघंही असेच उभे राहिले होते. ती माहेरची टेकडीवरची म्हणून टेकडीच्या रांगेत, नवरा बंदराचा म्हणून बंदरीच्या. नवऱ्याचा नंबर आधी लागला. त्यानं रुमाल हलवला. तिनं तो स्वच्छ पाहिला. पण तिच्यापुढं आता एकच माणूस उरला होता, आणि एक तास चाळीस मिनिटं पाय मोडून घेतल्यावर हात हलवत परत जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं मान फिरवली आणि आपला अर्ज खिडकीत सरकवला. महिन्याभरानं दोन परवाने घरी आले तेव्हा ती म्हणाली होती, "बरंच झालं. एक हरवला तर दुसरा आहे."

एरवी हे खपूनही गेलं असतं, कारण त्या दोन खिडक्यांच्या वह्या आजवर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. पण पालिकेनं यंदा नवा कॉम्प्युटर आणला आणि त्यानं दोन्ही वह्या शेजारी शेजारी बसवल्या. टेकडी विभागाला दिसलं की आपल्या दुकानात बंदरीतलं एक दुकान घुसलंय. बंदरी विभागाला नेमकं उलटं दिसलं. दोन्ही विभाग खवळले.

दुपारी कात्रीताई दोन्ही नोटिसा घेऊन कचेरीत गेली.

"सोपं आहे," कारकून म्हणाला. "एक परवाना परत करा, की मिटलं."

"कुठला?"

"ते मी सांगू शकत नाही. मनाई आहे."

"मग तुम्हीच घ्या दोन्हींतला कुठला तरी."

"बाई, घेणं आमच्या हातात नसतं, तुम्ही द्यायला लागतो. आणि जो द्याल त्या परवान्याचं दुकान कायदेशीर बंद झालं असं धरायचं. तसा फलक महिनाभर दारावर लावायचा, त्याच भाषेत. 'हे दुकान कायमचे बंद झाले आहे.'"

"अहो, पण दुकान तर चालूच राहणार ना!"

"राहील की. दुसऱ्या भाषेत."

कात्रीताईला यात काही अवघड वाटलं नाही. नवऱ्यानं आणलेला परवाना नवऱ्याच्याच हातून परत करायचा असं तिनं येता येता ठरवून टाकलं, आणि दुकानात शिरता शिरता सासूबाईंना सांगितलंही. तिथंच चुकलं.

सासूबाई रोज दहा ते पाच दुकानातल्या स्टुलावर बसत. घरी करमत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाई पक्क्या बंदरच्या. एकोणीस वर्षांत टेकडीचा एक शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. 'मला नाही बाई कळत तुमची ती डोंगरावरची भाषा,' असं म्हणून त्या मोकळ्या होत. कात्रीताईला याचा मोठाच आधार होता. टेकडीवरचं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती सासूबाईंबद्दल जे काही पोटात साठलं असेल ते टेकडीत भडाभडा बोलून घ्यायची, तेही सासूबाईंपासून दोन हातांवर उभी राहून. सासूबाई शांतपणे हसत ऐकून घेत. बिचाऱ्यांना कळतंय कुठं!

आता मात्र त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे बंदराचं दुकान बंद? आणि तसा फलकही लावणार?"

"आई, नुसता कागद आहे तो."

"कागद कसा? चार माणसं वाचणार. कर हो, खुशाल कर बंद. मी आपली स्टूल उचलते आणि जाते."

"कुठं जाता?"

"बाहेर फुटपाथवर. त्या फलकाखालीच बसते, म्हणजे न वाचणाऱ्यांनाही कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरचा क्रेनवाला दाढीला आला तो तोंड पाडूनच. गळ्याभोवती टॉवेल लागला तरी मान ताठ.

"ताई, ऐकलं ते खरं का? उद्यापासून आम्हाला नाही घेणार?"

"कोण म्हणालं?"

"आख्खं बंदर म्हणतंय. आमच्या लोकांनी आता कुठं जायचं ते सांग म्हणजे झालं. नाही म्हणजे, दाढ्या वाढवू आम्ही."

"अरे बाबा, कोणी कुठं जायचं नाहीय. फार तर दुसरा परवाना परत करीन. टेकडीचा."

बाकड्यावर म्हातारे पोस्टमन वर्तमानपत्र वाचत बसले होते. टेकडीवरच्या तीनशे पायऱ्या जन्मभर चढून उतरून रिटायर झालेला माणूस. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"टेकडीचा? बावीस वर्षं हे डोकं तुझ्या हातात दिलं पोरी. वस्तरा गळ्यावर असताना डोळे मिटून झोपलो. त्याचे हे पांग फेडतेस?"

"काका, तुम्ही तरी..."

"मी काही बोलत नाही," पोस्टमन म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास बोलत राहिले.

दुपारपर्यंत बाकड्याचे दोन भाग झाले. टेकडीवाले खिडकीच्या बाजूला, बंदरवाले दाराच्या, आणि मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मुद्दाम रिकामी. लोक उभे राहायचे पण त्या जागेत बसायचे नाहीत. संध्याकाळी दोन अर्ज आले, दोन्हींवर पन्नास पन्नास सह्या, आणि सहा माणसांनी दोन्हीकडे सह्या केलेल्या.

कात्रीताईला आता खरंच भीती वाटली. हे दुकान तिनं लग्नाच्या आधी उघडलं होतं. बाई पुरुषांचे केस कापणार म्हणून गल्ली हसली होती, तेव्हा तिनं भंगारातून ही खुर्ची आणून स्वतःच्या हातानं जमिनीत ठोकली होती आणि म्हणाली होती, आता ही हलेल ती माझ्याबरोबरच. गेली बावीस वर्षं टेकडीचं आणि बंदराचं डोकं एकाच फवाऱ्यानं भिजत होतं आणि केस खाली एकत्रच झाडले जात होते. एक परवाना परत केला तर अर्धी माणसं जाणार. दोन्ही ठेवले तर सील. तिला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि जेवण जात नसलं की तिला राग यायचा. सकाळी उठली ती चवताळूनच.

"कुठलाच परत करणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, सील ठोकतील."

"दोन दुकानं आहेत म्हणतात ना ते? मग दोन दुकानं चालवूनच दाखवते! बघू कोण काय करतो."

"खोली एक, खुर्ची एक, बायको एक," नवरा म्हणाला. "कसं जमवणार?"

जमवलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं असं काही उरलं नव्हतं, पण सोबत मिळते म्हणून ते दर मंगळवारी येत आणि कानांवरचे दोन झुपके सारखे करून घेत. त्यांनी पालिकेच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि चष्मा पुसून वाचायला घेतलं.

"एका खोलीत दोन दुकानं चालतात," ते म्हणाले. "मात्र अटी आहेत. दोन्हींना स्वतंत्र दार हवं."

"दाराला फळ्या दोन आहेत. डावी एकाची, उजवी दुसऱ्याची."

"शाब्बास. मध्ये छतापासून जमिनीपर्यंत आडोसा हवा. जाड पडदाही चालेल."

"झोपायच्या खोलीचा आहे."

"मग झोपताना उजेड कसा अडवायचा?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"आणि प्रत्येक दुकानात गिऱ्हाइकासाठी किमान एक खुर्ची."

इथं घोडं अडलं. खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध होती, आणि दुसरी ठेवायची म्हटली तर दारच उघडलं नसतं. मास्तरांनी तो नियम तीनदा वाचला, बोटानं अक्षरं मोजली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद पसरला.

"किमान एक, असं म्हटलंय," ते म्हणाले. "अख्खी म्हटलेलं नाही."

बुधवारी पडदा लागला. तो आरशापासून दारापर्यंत खोलीचे दोन भाग करत गेला आणि वाटेत खुर्चीचेही करून गेला. गिऱ्हाईक बसलं की पडदा त्याच्या डोक्यापर्यंत वर गुंडाळून चिमटे लावायचे. म्हणजे डोक्याच्या वर पडदा आणि डोक्याच्या खाली गिऱ्हाईक, असा आडोसा पुरा होई. डावी बाजू टेकडी, उजवी बंदर. डावीकडचे केस कापून झाले की कात्रीताई डाव्या फळीनं फुटपाथवर यायची, उजव्या फळीनं आत शिरायची आणि उरलेलं डोकं हातात घ्यायची. डावीकडे असली की टेकडीत बोलायची, उजवीकडे आली की बंदरीत, आणि गिऱ्हाइकाला एकच बातमी दोन कानांत दोनदा ऐकावी लागायची.

पहिल्या दिवशी क्रेनवाल्याच्या दोन्ही बाजूंत बोटभर फरक पडला. मास्तरांनी पट्टीनं मोजून दाखवला.

"दोन दुकानं म्हटली की थोडंफार कमीजास्त होणारच," कात्रीताई म्हणाली. तिला आता मजा यायला लागली होती. तमाशा बघायला दोन्हीकडची माणसं फुटपाथवर जमायची आणि जमली की आत यायची. बाकड्यावर मध्ये रिकामी ठेवलेली जागा गर्दीत कधी भरून गेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पंधरावा दिवस शुक्रवार होता. बाराच्या सुमाराला पालिकेची गाडी आली आणि दोन साहेब उतरले. टेकडी विभागाचे साहेब उंच, वाळके आणि केस मानेवर आलेले. बंदरी विभागाचे साहेब बुटके, गोल आणि नीटनेटके. एकाच्या हातात कुलूप, दुसऱ्याच्या हातात लाख. एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायची दोघांनाही परवानगी नव्हती, तेव्हा टेकडीसाहेब डाव्या फळीनं आत गेले आणि बंदरसाहेब उजव्या. खुर्चीत पोस्टमन होते. त्यांचे केस कधीच कापून झाले होते; सकाळपासून ते नुसते भिंत म्हणून बसले होते.

"माझ्याकडे अर्धीच खुर्ची दिसते," टेकडीसाहेब पडद्याला म्हणाले.

"माझ्याकडेही अर्धीच," पडद्यापलीकडून आवाज आला.

"साहेब, नियमात अख्खी म्हटलेलं नाही," मास्तर पुस्तक पुढं करत म्हणाले. "पान बत्तीस."

टेकडीसाहेबांनी पान बत्तीस वाचलं. मग खाली वाकून पाहिलं.

"आडोसा सलग पाहिजे. इथं मध्ये मोकळं आहे."

"मोकळं कुठं? मी आहे की," पोस्टमन म्हणाले, आणि त्यांनी पोट पुढं काढलं.

साहेबांनी दोन्ही फळ्या मोजल्या, पडदा मोजला, पोस्टमनही खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजले. सगळं बसत होतं. बाहेर फुटपाथवर टाळ्या पडल्या. तेव्हा टेकडीसाहेबांनी पुस्तकाची आणखी चार पानं उलटली आणि पहिल्यांदाच हसले.

"पान छत्तीस. एकाच धंद्याची शेजारशेजारची दोन दुकानं एका मालकाची असता कामा नयेत. एकीकडे या बाई. दुसरीकडे मालक कोण?"

"मी," दारातून नवरा म्हणाला. तो मुद्दाम रजा काढून आला होता.

"तुम्ही पालिकेच्या बसवर. पालिकेच्या नोकराला धंदा करता येत नाही. पान चाळीस."

मास्तरांनी पान चाळीस काढलं, वाचलं, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. टेकडीसाहेबांनी कुलूप उघडलं तसा त्याचा खट्ट असा आवाज झाला. कात्रीताई पुढं झाली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"सील ठोकायचं तर मला धरूनच ठोका," ती म्हणाली. "या खोलीत बावीस वर्षांत कोणाला भाषा विचारली नाही मी. तुमच्या कारकुनाला मनाई करावी लागली, मला कोणी केली नव्हती. एक दुकान म्हणाल तर एक चालवीन, दोन म्हणाल तर दोन. पण माझी अर्धी माणसं दाराबाहेर काढा म्हणाल तर ते होणार नाही. लावा कुलूप. मी आतच आहे."

"बाई, सरकारी कामात अडथळा..."

"दुसरी मालकीण मी आहे."

हे कोणी म्हटलं ते चटकन कळलं नाही, कारण ते अस्सल टेकडीत म्हटलं होतं, जुन्या घरंदाज वळणाच्या, हल्ली टेकडीवरही ऐकू न येणाऱ्या. सगळ्यांनी पोस्टमनकडं पाहिलं. पोस्टमन कोपऱ्याकडं बघत होते. तिथं सासूबाई स्टुलावरून उठल्या होत्या आणि पदर सारखा करत होत्या.

कात्रीताईच्या हातातली कात्री खाली पडली.

"आई? तुम्हाला टेकडी येते?"

"अकरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेकडीच्या लायनी जोडल्यात मी. न येऊन सांगते कोणाला?"

"मग एकोणीस वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ऐकायला मिळालं असतं का?"

कात्रीताईच्या डोळ्यांपुढून एकोणीस वर्षं भराभर सरकली. म्हातारी शंभरी गाठणार आणि मला पोचवूनच जाणार, हे ती गेल्याच मंगळवारी म्हणाली होती. त्याच्या आधीच्या मंगळवारचं आठवून तिचे कान तापले. पोस्टमननी यातलं बरंचसं ऐकलं होतं, काही ठिकाणी भरही घातली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "पोचवीन तेव्हा पोचवीन. आत्ता साहेबांना कागद काढायला सांग."

बंदरसाहेबांना कागद काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पडद्याच्या उजव्या बाजूला सासूबाईंचं नाव लिहिलं गेलं, वय लिहिलं गेलं, सही झाली.

"साप्ताहिक सुट्टी कोणती?" बंदरसाहेबांनी विचारलं.

"आज वार काय?"

"शुक्रवार."

"मग शुक्रवारच लिहा. लक्षात राहील."

दोन्ही विभागांच्या दोन्ही कागदांवर 'अटी पूर्ण' असे शेरे पडले. कुलूप आणि लाख पिशवीत गेली. पोस्टमन भिंतीच्या कामातून सुटले आणि पाय मोकळे करायला बाहेर पळाले. रिकाम्या खुर्चीसमोरच्या आरशात टेकडीसाहेबांना स्वतःचं डोकं दिसलं. त्यांनी मानेवरून हात फिरवला, घड्याळ पाहिलं.

"दोन वाजता आयुक्तांसमोर बैठक आहे आमची," ते म्हणाले. "पंधरा मिनिटांत होईल का?"

"माझ्याकडचं सात मिनिटांत होईल," कात्रीताई म्हणाली. "बसा ना."

ते बसले. तिनं टॉवेल बांधला, चिमटे लावले, आणि झकास काम केलं. डावीकडचे केस शाळकरी मुलासारखे बारीक झाले, कान मोकळा झाला, मान स्वच्छ झाली. मग तिनं टॉवेल सोडला आणि झटकला.

"झालं साहेब."

"झालं? अहो, हे उजवीकडचं?"

"ते दुसऱ्या दुकानात. माझा परवाना डावीकडचा."

"मग तिकडे जाऊन कापा की! इतके दिवस तेच करत होता ना?"

"इतके दिवस तिकडेही मीच होते. आता तिकडे मालकीण वेगळी. त्यांना विचारा."

टेकडीसाहेबांनी पडदा बाजूला करून पाहिलं. सासूबाई स्टुलावर मांडी घालून बसल्या होत्या.

"आज शुक्रवार," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही बंद असतो."

फुटपाथवर हसण्याचा असा पूर आला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सगळ्यांत मोठ्यानं बंदरसाहेब हसत होते.

"अहो, हसता काय? आत्ताच्या आत्ता उघडायला सांगा यांना!"

"सुट्टीच्या दिवशी दुकान उघडलं तर मलाच नोटीस काढावी लागेल," बंदरसाहेब डोळे पुसत म्हणाले. "पान नऊ."

"बैठकीत तुम्ही माझ्याच शेजारी बसणार आहात. आयुक्त विचारतील की हे कुठं केलं. मग या दुकानाला 'अटी पूर्ण' म्हणून सही कोणाकोणाची आहे, ते मी सांगेन."

बंदरसाहेबांचं हसू आटलं. दोघांनी घड्याळाकडं पाहिलं. मग बंदरसाहेबांनी दोन्ही विभागांच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं ते केलं. पडदा उचलून ते सरळ डाव्या बाजूला आले, बाकड्यावर टेकले आणि फाइल मांडीवर घेतली.

कागद लिहायला वीस मिनिटं लागली. एकानं टेकडीत लिहायचं, दुसऱ्यानं बंदरीत, आणि मास्तरांनी मध्ये बसून दोन्हींचा ताळा बघायचा. 'सदर जागेतील दोन्ही परवाने मिळून दुकान एकच समजावे. भाषा दोन राहतील. पडदा काढावा.' दोघांनी दोन्हीकडे सह्या केल्या. नवऱ्यानं उडी मारून पडदा ओढला, तो चिमट्यांसकट खाली आला, आणि क्रेनवाल्यानं शिट्टी मारली. कात्रीताईनं त्या कागदाला हात लावून पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून तिनं कात्री उचलली आणि उरलेलं अर्धं डोकं असं मन लावून कापलं की दोन्ही बाजूंत केसाचाही फरक राहिला नाही.

साहेब गेले. गर्दी पांगली. कात्रीताई केस झाडायला लागली तेव्हा सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, दोन्ही भाषांत.

"दुकान एक केलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "पण मालकिणी दोनच ठेवल्यात हं. माझं नाव खोडलेलं नाही."

"राहू दे की, आई. नुसता कागद आहे तो."

"कागद कसा? सही आहे माझी. मी काय म्हणते, उद्यापासून सकाळी साडेसहाला उघडायचं. बंदरावरची पाळी सातला सुटते."

कात्रीताईनं सवयीनं मान वळवली, टेकडीत काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. पालिकेचे दोन विभाग तिनं एका दुपारीत लोळवले होते, पण सासूबाईंना कळणार नाही अशी भाषा तिच्यापाशी उरली नव्हती. तिनं झाडू भिंतीला टेकवला, कमरेवर हात ठेवले आणि सासूबाईंच्या तोंडावर, त्यांच्याच बंदरीत, खणखणीत म्हणाली, "जमणार नाही. आठ म्हणजे आठ."

सासूबाईंचा चेहरा खुलला.

"हे एकोणीस वर्षांपूर्वीच असं तोंडावर बोलली असतीस तर?"

"तर काय केलं असतंत?"

"तेव्हाच अर्धं दुकान मागून घेतलं असतं," सासूबाई म्हणाल्या, आणि स्टूल उचलून आरशासमोर मांडून बसल्या.